72 फुटांचा सांगाडा आणि आमच्या पोस्टरवरचं एक वाक्य

मुलांनी देवमाशावर केलेल्या पोस्टरचं हे प्रकरण आमच्याच शिबिरातलं आहे. नावं कुणाचीच देत नाहीये, मुलं लहान आहेत आणि त्यांच्या घरच्यांना ते आवडणार नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मुलांसोबत प्राण्यांविषयी काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ही वेळ कधी ना कधी येते असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

बडोद्यात आम्ही काही मराठी घरं मिळून दर मे महिन्यात मुलांचं शिबिर घेतो. रीतसर संस्था वगैरे नाही, दांडिया बाजारजवळ ओळखीने एक हॉल मिळतो, चार-पाच आया आणि एक-दोन काका मिळून दहा दिवस काढतात आणि शेवटच्या दिवशी मुलांनी केलेल्या कामाचं छोटं प्रदर्शन लावतो. यंदा 26 मुलं होती, सात वर्षांपासून चौदापर्यंत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि खाली खेळायला गेली की गुजराती, अशी आपली नेहमीची बडोदेकर मुलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. 1894 सालचं म्युझियम, बडोद्यातल्या प्रत्येकाने लहानपणी एकदा तरी पाहिलेलं, ममी बघायला सगळी मुलं धावतात आणि मग निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर आली की आपोआप गप्प होतात. साधारण 72 फूट लांब आहे तो. जबड्याची हाडं बघितली की मोठ्या माणसाचंसुद्धा बोलणं थांबतं, मी दर वर्षी बघते तरी माझं थांबतंच.

सहा मुलांच्या गटाने ठरवलं की प्रदर्शनात आपण देवमासाच करायचा. त्या गटात एक बारा वर्षांचा मुलगा होता, वाचणारा, आकडे पाठ असणारा, आणि एक आठ वर्षांची मुलगी, जी म्युझियममध्ये सगळ्यात शेवटी बाहेर आली कारण तिला प्रत्येक मणका मोजायचा होता. या गटाची जबाबदारी माझ्याकडे होती.

अडचण

चौथ्या दिवशी मोठं पोस्टर तयार झालं. मुलाने खूप मेहनत घेतली होती. 1930-31 च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात 29 हजारांहून जास्त निळे देवमासे मारले, हे त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मी तो आकडा तपासला, बरोबर होता. देवमाशाच्या तेलाचं काय करायचे ते तपासलं: साबण, मार्गारिन, यंत्रांचं वंगण, आणि पहिल्या महायुद्धात त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकंसुद्धा, तेही बरोबर. आणि त्याच्या खाली, सांगाड्याच्या चित्राशेजारी, एक वाक्य होतं: "आपल्या बडोद्यातल्या या देवमाशालाही माणसांनी तेलासाठी मारलं."

हे वाक्य मी वाचलं आणि पुढे गेले. आकडे तपासायचे असतात हे डोक्यात होतं, पण दोन खऱ्या गोष्टींना जोडणारं साधं वाक्यही तपासावं लागतं हे डोक्यात नव्हतं. त्याच संध्याकाळी कुणीतरी पोस्टरचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी टाळ्या आणि अंगठे दिले आणि तो फोटो तिथून मामा-मावशीच्या ग्रुपवर, पुण्याला, इंदूरला, कुठे कुठे गेला.

दोन दिवसांनी सकाळी त्या आठ वर्षांच्या मुलीचे आजोबा हॉलवर आले. काठी टेकत, एकटेच, रिक्षा करून. म्हणाले, "ताई, आमची नात दोन रात्री झोपली नाही नीट. मला विचारते, आजोबा, बडोद्याच्या लोकांनी त्याला मारलं का, तुम्ही तेव्हा होतात का तिथे?" मग खुर्चीत बसून पाणी प्यायले आणि सांगितलं की तो देवमासा कुणी मारला नव्हता, 1944 साली मही नदीच्या मुखाकडे भरतीच्या पाण्यात वाहून आला होता, त्यांचे वडील हे सांगायचे, ते स्वतः तेव्हा अगदी लहान होते.

मी घरी येऊन शोधलं. आजोबांचं बरोबर होतं.

पर्याय काय होते

प्रदर्शनाला तीन दिवस होते. आम्ही चौघी-पाच जणी हॉलमागच्या खोलीत बसलो आणि तासभर बोललो, आवाजही चढले.

एका काकूंचं म्हणणं की शिकारीचा सगळा भागच काढून टाका. देवमाशाचं हृदय केवढं, त्याची जीभ केवढी, पिल्लू दिवसाला किती दूध पितं, हे सांगा की, मुलं खूश होतील, लहान मुलांना रक्ताच्या गोष्टी कशाला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मुलगी खरंच झोपली नव्हती.

दुसरं मत असं की गुपचूप ते एक वाक्य बदला, वर पांढरी पट्टी चिकटवा, कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि मुलाचंही मन राहील.

तिसरं मत माझं होतं. चूक उघड सांगायची, जुनं वाक्य खोडलेलं तसंच दिसू द्यायचं, खाली बरोबर लिहायचं आणि शिकारीचा भाग ठेवायचा. मला भीती ही वाटत होती की एक वाक्य खोटं निघालं म्हणून बाकीचं सगळंच खोटं, असं मुलांना वाटेल. आणि ते तर खोटं नव्हतं. आजही ही भीती मला बरोबर वाटते. पण ती ज्या घाईने मी अमलात आणली तिथे माझं चुकलं, ते पुढे लिहिते.

स्टॉलच रद्द करावा असंही एकीने सुचवलं, ते कुणी फारसं धरलं नाही.

काय केलं

त्याच दुपारी मी सगळ्या 26 मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं की पोस्टरवर एक चूक आहे, ती माझी आहे कारण तपासायचं काम माझं होतं. मुलाकडे मी बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम, पण सगळ्या मुलांनी बघितलं. त्याचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, "मावशी, पण मग बाकीचं खरं आहे ना?"

त्या प्रश्नावर आम्ही पुढचे दोन दिवस काढले.

आधी हे बघितलं की मग तो आला कसा. आजोबांना बोलावलं होतं, ते आले आणि मुलांबरोबर नकाशा घेऊन बसले. खंभातचं आखात फनेलसारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, त्यामुळे समुद्राचं पाणी आत शिरताना उंच उंच होत जातं. तिथे भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तीन मजली घर बुडेल आणि सहा तासांत पुन्हा उघडं पडेल एवढा. खाली सगळा गाळ. खोल पाण्यातला एवढा मोठा प्राणी भरतीबरोबर आत आला आणि पाणी ओसरलं की त्याला वळायला जागाच नसते, आणि पाण्याचा आधार गेला की त्याचं स्वतःचं वजनच त्याच्या छातीवर बसतं. तो विशिष्ट देवमासा वाहून येण्याआधी जिवंत होता की मेलेला, हे मुलांनी विचारलं, तिथे आम्ही थांबलो आणि पोस्टरवर फक्त "1944 साली महीत वाहून आला" एवढंच लिहिलं.

शिबिरातल्या एका मुलाच्या आईचं माहेर रेवदंड्याकडचं. तिने 2015 च्या जूनमधलं सांगितलं, तिथल्या किनाऱ्यावर 42 फुटांचा निळा देवमासा आला होता, जिवंत होता, लोकांनी खूप धडपड केली, वाचला नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं तेही काही मुलांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं, त्याला ओढून समुद्रात सोडलं होतं, पण पुढे तेही मेलंच. आठ वर्षांची मुलगी हे सगळं ऐकत होती. मला वाटलं आता ही पुन्हा रडणार. ती म्हणाली, "म्हणजे लोक वाचवतात पण." एवढंच. मला त्या क्षणी कळलं की तिला मरणाचं तेवढं भय नव्हतं, तिला आपली माणसं कशी आहेत याचं भय होतं.

मग दोरी. मुलांनी सुतळीवर 72 फूट मोजून गाठ मारली आणि अंदाजे 98 फुटांवर दुसरी, म्हणजे जगातले मोठ्यात मोठे 30 मीटरच्या आसपासचे. हॉलमध्ये मावेना, दारातून बाहेर, ओट्यावरून खाली, पार शेजारच्या फरसाणवाल्या काकांच्या दुकानापर्यंत गेली आणि काकांनीच ती दुसरी गाठ हातात धरून ठेवली. दोरीने एक नवा प्रश्न काढला. बडोद्यात सगळे म्हणतात की म्युझियममधला सांगाडा पिल्लाचा आहे, मीही लहानपणापासून तेच ऐकलंय. पण निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतः 7-8 मीटर असतं, म्हणजे 25 फुटांच्या आसपास, आणि सहा-आठ महिन्यांनी आईचं दूध सुटतं तेव्हा साधारण 16 मीटर, 52 फूट. तिथेही मुलांनी गाठी मारल्या. 72 ची गाठ दोन्हीच्या कितीतरी पुढे. शिवाय आपल्या बाजूच्या, म्हणजे उत्तर हिंदी महासागरातल्या निळ्या देवमाशांची जात अंटार्क्टिकातल्यांपेक्षा लहान असते, ती पूर्ण वाढली तरी 24 मीटरच्या आसपासच. मग याला पिल्लू म्हणायचं का? मुलांमध्ये मतं पडली, आणि या वेळी मी घाई केली नाही. बाराच्या मुलानेच सुचवलं की आपण वय लिहूच नये, लांबी लिहावी, लांबी मोजलेली आहे. ते मला फार आवडलं. तसंच केलं.

शिकारीचा भाग कसा सांगायचा हा खरा अवघड निर्णय होता. आम्ही तो वयाप्रमाणे दोन भागांत केला. छोट्यांना एवढंच सांगितलं की शेकडो वर्षं माणूस निळ्या देवमाशाला मारू शकत नव्हता, कारण तो शिडाच्या होड्यांपेक्षा वेगाने पोहतो आणि मेला की बुडतो. मग 1860 च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइनने स्फोटक भाल्याची तोफ आणि वाफेची बोट एकत्र आणली, मेलेल्या देवमाशात हवा भरून तो तरंगता ठेवायची युक्ती आली, आणि तिथून पुढे सुटका राहिली नाही. फोटो एकही नाही. काकूंचं म्हणणं आम्ही इथे मानलं आणि ते बरोबरच होतं, फोटो नसल्याने काहीही कमी झालं नाही.

मोठ्यांना मी निळ्या देवमाशाचं "एकक" सांगितलं, कारण त्या मुलाला गणित आवडतं. शिकारीची मर्यादा जातीप्रमाणे ठरवायची नाही, सगळे मिळून एकच हिशोब: एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई (या देवमाशांच्याच दुसऱ्या जाती). मुलांना विचारलं, तुम्ही जहाजाचे कप्तान असाल आणि तुम्हाला ठरलेली एककं लवकर भरायची असतील तर आधी कुणाच्या मागे जाल? चौदा वर्षांची एक मुलगी लगेच म्हणाली, "निळ्याच्या. एका तोफेत एक पूर्ण." कागदावर सगळं नियमात दिसतं आणि समुद्रात सगळ्यात मोठा प्राणी आधी संपतो, हे तिला मी न सांगता कळलं. देवमाशांच्या शिकारीवर नियम घालणारा 1946 चा आंतरराष्ट्रीय करार झाल्यावरही कित्येक वर्षं हाच हिशोब चालू होता. 1966 साली निळ्या देवमाशाला संरक्षण मिळालं, तरी सोव्हिएत जहाजं चोरून मारत राहिली, आणि त्यांनी 1960 च्या दशकात आपल्या अरबी समुद्रातसुद्धा हजाराहून जास्त मारले. हे ऐकल्यावर तो मुलगा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, "म्हणजे माझं वाक्य अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त हा नव्हता तो." मी म्हटलं, हो.

आणि मग ग्राफ पेपर. ही कल्पना मुलांचीच. एक मिलिमीटरचा चौकोन म्हणजे एक देवमासा. 29 हजार म्हणजे जवळपास 18 सेंटिमीटर बाय 16 सेंटिमीटर, तो सगळा तुकडा निळ्या पेन्सिलने रंगवला, चार मुलांना पूर्ण एक दुपार लागली. हा एका हंगामाचा. शेजारी दुसऱ्या कागदावर 360 चौकोन. अंटार्क्टिकातले निळे देवमासे शिकारीआधी 2 लाख 39 हजारांच्या आसपास होते आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उरले होते साधारण 360, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. 360 म्हणजे दोन सेंटिमीटर बाय पावणेदोन-दोन सेंटिमीटर. आठ वर्षांच्या मुलीने त्यावर अंगठा ठेवला आणि तो ठिपका दिसेनासा झाला. तिने अंगठा उचलला, परत ठेवला, परत उचलला. कुणी काही बोललं नाही.

शेवटच्या भागात आम्ही वेरावळची, म्हणजे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कची गोष्ट घेतली. आधी स्पष्ट केलं की व्हेल शार्क हा मासा आहे, देवमासा नाही, आणि देवमासा नावाने मासा असला तरी मासा नाही, तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला पाजतो. (यावर एका सात वर्षांच्याने विचारलं, मग आपण त्याला खोटं नाव का ठेवलं. मी सांगितलं की नाव ठेवणाऱ्यांनी त्याला पाण्यात पाहिलं होतं आणि त्यांना तो बहुधा देवाएवढा मोठा वाटला असेल.) सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची भरपूर शिकार व्हायची. 2001 मध्ये कायद्याने ती बंद झाली, आणि 2004 पासून तिथे मोहीम झाली, त्यात रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तेव्हापासून कोळी बांधव जाळ्यात सापडलेली "व्हाली" (गुजरातीत लाडकी) स्वतःचं महागाचं जाळं कापून सोडून देतात. गुजरातेत वाढणाऱ्या मुलांना हे कुठल्याही भाषणापेक्षा जवळचं वाटलं. काहींच्या तर वर्गात त्या किनाऱ्याची मुलं होती.

काय झालं

प्रदर्शनात पोस्टर लाल रेघेने खोडलेल्या वाक्यासकट लावलं. दोन-तीन पालकांना ते अस्वच्छ वाटलं, एकांनी विचारलंही की नवीन का नाही केलं. पण जितकी माणसं त्या पोस्टरसमोर थांबली तितकी दुसऱ्या कुठल्याच स्टॉलवर थांबली नाहीत, आणि बहुतेकांनी पहिल्यांदा तेच खोडलेलं वाक्य वाचलं.

मुलगी ग्राफ पेपरजवळ उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला अंगठा ठेवायला लावत होती. मग सांगायची की आता वाढलेत, पण अजून खूप कमी आहेत. तिला रात्री झोप लागायला लागली असं आजोबा म्हणाले.

तो मुलगा स्टॉलवर उभा होता, पण बोलला नाही. कुणी विचारलं तर गटातल्या दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. त्याची आई नंतर मला म्हणाली, "तो घरी आल्यावर म्हणतो सगळ्यांना माहिती झालं मी चुकलो ते." मी तिला सांगितलं की मी चूक माझीच म्हटली होती. ती म्हणाली, "हो, पण अक्षर त्याचं होतं ना."

आणि जुना फोटो फिरायचा तो फिरलाच. दुरुस्त पोस्टरचा फोटो मी स्वतः ग्रुपवर टाकला, खाली नीट लिहिलं, तरी तीन आठवड्यांनी माझ्याच आत्याने इंदूरहून मला जुनाच फोटो पाठवला, "बघ बडोद्याच्या देवमाशाला कसं मारलं" म्हणून.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, त्या दुपारी गोल बसवायच्या आधी मी त्या मुलाला बाजूला घेऊन बोलले असते. दहा मिनिटं पुरली असती. त्याला विचारायला हवं होतं की दुरुस्ती तू सांगशील का, का मी सांगू, का कुणीच नावासकट सांगायची नाही. मी मुलीच्या झोपेचा विचार केला, सत्याचा विचार केला, आणि ज्याने सगळ्यात जास्त मेहनत केली त्याचा सगळ्यात शेवटी केला.

दुसरी, आजोबांसारखी माणसं शिबिराच्या आधी शोधायची, तक्रार घेऊन येईपर्यंत वाट बघायची नाही. म्युझियममधल्या प्रत्येक मोठ्या वस्तूमागे बडोद्यात कुणाच्या तरी घरात एक आठवण असते.

तिसरी, काम पूर्ण तपासून होईपर्यंत फोटो ग्रुपवर टाकू नका असं पालकांना पहिल्या दिवशीच सांगायचं. हे मी आता लेखी देणार आहे.

शिकारीचा भाग काढायचा का यावर अजूनही आमच्यात एकमत नाही. काकू अजून म्हणतात की दहाच्या आतल्या मुलांना नको. मी ठेवेन म्हणते, फोटो न दाखवता, आणि माणसांनी पुढे काय थांबवलं तेही त्याच दिवशी सांगून, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, कारण मधली रात्र मुलांना एकट्याने काढावी लागते.

आजोबांनी मागच्या आठवड्यात फोन केला होता. म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना महीच्या मुखाकडे घेऊन जाऊया, ओहोटीची वेळ बघून, लांबूनच, गाळात उतरायचं नाही, पण पाणी किती मागे जातं ते त्यांनी डोळ्यांनी बघू दे. मी हो म्हटलंय. गाडीची चौकशी केली आहे, बाकीच्या मुलांची यादी झाली आहे. त्या मुलाच्या घरी अजून फोन केलेला नाही, आणि या वेळी तो आईला नाही, आधी त्यालाच करायचा आहे.